झिजावें कोणीं ?

वापरल्यावांचून वस्तूला अर्थ नाहीं, आणि वापरली कीं ती झिजल्यावांचून राहात नाहीं. ही गोष्ट इतकी नित्याची आहे कीं तिच्याविषयीं विचार करावा असें सहसा कोणास वाटत नाहीं. उंबरठा झिजतो, सहाण झिजते, जातें झिजतें. जात्याला टांकी लावून घेतली कीं झालें. परंतु जेथें दोन वस्तु एकमेकींवर घांसल्यावांचून कार्यच घडत नाहीं, आणि त्या दोहोंपैकीं कोणती झिजूं द्यावी हें ठरविणें आपल्या हातीं असतें, तेथें हा प्रश्न नुसत्या व्यवहाराचा न राहतां नीतीचा होतो. असा एक प्रश्न मागील वर्षीं ग्रामोफोनच्या सुईच्या रूपानें माझ्यापुढें उभा राहिला. प्रश्न लहान होता. परंतु त्याचें उत्तर शोधतांना मी जेथें जाऊन पोंचलों तें ठिकाण मला अपेक्षित नव्हतें, म्हणून तो वाचकांपुढें मांडण्याचें धाडस करितों.

मी नांदेडास अध्यापन करितों. आमचें मूळ घर लातुरास, गंजगोलाईपासून फार दूर नाहीं अशा एका गल्लींत आहे. तेथें माझी आई राहते; तिचें वय आज ऐंशीच्या घरांत आहे. चार वर्षांपूर्वीं वडील वारले. त्यांच्यामागें ज्या वस्तु राहिल्या त्यांत लांकडी पेटींत ठेविलेल्या जुन्या ध्वनिमुद्रिका होत्या. कांहीं वडिलांनीं स्वतः घेतलेल्या. नांदेडास जन्मलेले कवि वा. रा. कांत यांची बगळ्यांच्या माळेची कविता, श्रीनिवास खळे यांच्या चालींत व वसंतराव देशपांडे यांच्या आवाजांत, हें त्यांचें विशेष प्रेमाचें गाणें. कांहीं तबकड्या मात्र आजोबांच्या काळच्या, लाखेच्या, मिनिटास अठ्याहत्तर फेरे घेणाऱ्या. आजोबांनीं आपला चावीचा ग्रामोफोन हैदराबादेहून आणिला होता. तो काळ निजामी राजवटीचा. कचेरींत उर्दू, वरच्या वर्गांत उर्दू, आणि १९१८ सालीं हैदराबादेस स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचें माध्यमही उर्दूच. अशा मुलखांत बालगंधर्वांच्या गळ्यांतून आलेलें ‘स्वयंवरां’तील रुक्मिणीचें पद घरांत वाजणें याला करमणुकीहून अधिक कांहीं अर्थ होता. पुण्यामुंबईच्या लोकांस जें नाटक १९१६ पासून रंगभूमीवर पाहावयास मिळालें, तें आमच्याकडे बहुतेकांस एका काळ्या तबकडीच्या एका बाजूपुरतें, अवघीं तीन-साडेतीन मिनिटें भेटत असे.

ह्या तबकडीची घडण समजून घेण्यासारखी आहे. लाख ही आपल्याच देशांतली. छोटा नागपूरच्या अरण्यांत पळस, कुसुम, बोर यांच्या फांद्यांवर जे किडे बसतात त्यांच्या स्रावापासून ती होते. १९०२ सालीं फ्रेड गायसबर्ग यानें कलकत्त्यास गोहरजानचा आवाज मुद्रित केला, आणि १९०८ पासून त्याच शहरांत, सियालदा येथें, तबकड्या छापल्या जाऊं लागल्या. परंतु तबकडींत लाख ही केवळ सांधून ठेवण्यापुरती. बराच मोठा भाग दगडाच्या बारीक भुकटीचा. ही भुकटी निरुपायानें घातलेली नव्हती. पोलादी सुई खांचेंत उतरली कीं पहिल्या कांहीं फेऱ्यांतच तिचें टोंक खरवडलें जाऊन खांचेच्या मापाचें व्हावें, हाही तींत हेतु असे. म्हणजे यंत्र योजणाऱ्यांनीं निवाडा आधींच करून ठेविला होता : झिजावयाचें सुईनें, तबकडीनें नव्हे.

हिशेब केला तर एका बाजूवर सुईचा प्रवास सुमारें सव्वाशे मीटर भरतो, आणि तोही शंभर ग्रॅमहून अधिक भार डोक्यावर घेऊन. एवढी वाट चालून झाली म्हणजे सुईचें टोंक दोहों अंगांनीं चपटें होतें व त्याच्या कडांना धार येते. तीच सुई पुन्हां लाविली तर ती खांच वाचीत नाहीं, तासते. म्हणून सुयांच्या डबीवर स्पष्ट बजावलेलें असे कीं प्रत्येक सुई एकदांच वापरावी.

आमच्या आजोबांस ही सूचना मान्य नव्हती. दुष्काळी मुलखांत वाढलेल्या माणसास धड दिसणारी वस्तु टाकून देणें हें पापच वाटतें. ते एक सुई दहा-दहा वेळां लावीत. अगदींच कुरकुर करूं लागली तर सहाणेवर घांसून पुन्हां लावीत. लहानपणीं मीं तें पाहिलें आहे, आणि ‘याला म्हणतात संसार’ असें घरांतल्या वडीलधाऱ्यांच्या तोंडून ऐकिलेंही आहे. परिणाम काय झाला ? जी सुई दुकानांत शेकड्यानें मिळत होती ती त्यांनीं राखिली, आणि बालगंधर्वांचा जो ऐन उमेदींतला आवाज पुन्हां कोणास काढतां येणार नव्हता, तो खर्ची घातला. तबकडीच्या मधल्या भागांत तर पुढें पुढें तळणाच्या कढईसारखा आवाज तेवढा उरला.

आजोबांस दोष देण्याकरितां मी हें लिहीत नाहीं. दोष देणें फार सोपें आहे. प्रश्न असा कीं ह्या प्रकारास काटकसर म्हणावें काय ? माझें उत्तर नाहीं असें आहे. काटकसर म्हणजे खर्च न करणें नव्हे. कोणती वस्तु पुन्हां मिळेल आणि कोणती मिळणार नाहीं ह्याचा विवेक करून, पहिली मोकळ्या हातानें खर्चावी व दुसरी जपावी, हिचें नांव काटकसर. हा विवेक सुटला म्हणजे काटकसर ही उधळपट्टीचीच एक जात होते, आणि ती अधिक वाईट. कारण उधळ्याला निदान आपण उधळीत आहों हें ठाऊक असतें.

हा अपराध घरोघरीं निरनिराळ्या रूपानें घडतो. माझाच सांगतों. वीस वर्षें मीं शेक्सपिअरचीं तींच नाटकें त्याच टिपणांवरून शिकविलीं. टिपणें पहिल्या वर्षीं ताजीं होतीं, टोंकदार होतीं. त्यांनीं मुलांच्या मनांत कांहीं उमटलें असेल. पुढें तीं बोथट झालीं, तरी मीं तीं बदललीं नाहींत. मला श्रम वांचले. परंतु ‘किंग लिअर’ हें नाटक कंटाळवाणें आहे अशी समजूत घेऊन जीं मुलें माझ्या वर्गांतून बाहेर पडलीं, त्यांच्यापुरतें तें नाटक मीं तासून टाकिलें. शिक्षक, भाष्यकार, टीकाकार, गायक, हे सारे सुईच्या जातीचे लोक आहेत. मूळ कृतीनें बोलावें म्हणून ह्यांनीं प्रत्येक वेळीं नवें व्हावयाचें असतें, आणि प्रत्येक वेळीं थोडें संपावयाचें असतें. जो संपण्यास नाखूष आहे तो कृतीला संपवितो.

वडिलांचा स्वभाव आजोबांच्या अगदीं उलट होता. त्यांनीं मुंबईहून विजेवर चालणारें यंत्र आणिलें. त्याच्या हिऱ्याच्या सुईचा भार जुन्या साउंडबॉक्सच्या मानानें नगण्य, फार तर दोन-तीन ग्रॅम. ते तबकडी कांठाला धरीत, वाजविण्यापूर्वीं मऊ फडक्यानें पुशीत, आणि आम्हां मुलांस दोन हात दूर बसवीत. पुढें ३० सप्टेंबर १९९३ च्या पहांटे किल्लारीचा भूकंप झाला. लातुरांतल्या आमच्या घराची एक भिंत तडकली, फडताळ कलंडलें, आणि लाखेच्या अकरा तबकड्या फुटल्या. ज्या गांवांतून माणसें हजारोंनीं गेलीं त्यांच्या शेजारीं राहून फुटलेल्या तबकड्यांचें दुःख बोलून दाखविण्याची वडिलांस लाज वाटली असावी. त्यांनीं तुकडे गोळा केले आणि उरलेल्या तबकड्या पेटींत घालून कुलूप लाविलें. त्यानंतर तीं पदें घरांत वाजलींच नाहींत. आजोबांनीं वाजवून आवाज झिजविला. वडिलांनीं न वाजवितां तो मुका केला.

वडिलांच्या पश्चात् किल्ली माझ्या हातीं आली, आणि ‘स्वयंवरां’तील ती तबकडी एकदां तरी नीट वाजवून तिचा आवाज संगणकावर उतरवून ठेवावा असें मनांत आलें. तेव्हां प्रथम यंत्राच्या कार्ट्रिजाची परीक्षा करणें प्राप्त झालें. तें शूअर या अमेरिकन कंपनीचें, चुंबकाच्या जातीचें आहे. ह्या बोटाच्या पेरायेवढ्या डबींत तारेचीं वेटोळीं असतात. सुई ज्या बारीक दांडीच्या पुढच्या टोंकास असते त्याच दांडीच्या मागच्या टोंकास एक सूक्ष्म चुंबक असतें. सुई हलली कीं तें हलतें आणि वेटोळ्यांत वीज उत्पन्न होते. पूर्वींचीं कांहीं कार्ट्रिजें रोशेल मिठाच्या स्फटिकाचीं असत. त्यांस उष्णता व दमटपणा दोन्ही सोसत नाहींत. आमच्याकडील वैशाखांत माळ्यावर पडलेलें तसलें कार्ट्रिज पुढें बोलेलच ह्याची शाश्वती नाहीं. चुंबकाचें तसें नव्हे. चुंबक टिकतें, तार टिकते. जातें तें दांडीला धरून ठेवणारें रबर. कित्येक वर्षांत तें कडक होतें, सुई लवेनाशी होते, आणि न लवणारी सुई खांचेची भिंत फोडते.

म्हणून जुन्या कार्ट्रिजाची परीक्षा दोन भागांत करावी लागते. विजेच्या मीटरनें दोन्ही बाजूंचीं वेटोळीं सारखीं व अखंड आहेत हें पाहिलें कीं पहिला भाग संपला. तो आमच्याकडे ठीक निघाला. दुसरा भाग सुईचा. डोळ्यांस ती निर्दोष दिसत होती. आमच्या प्राणिशास्त्राच्या एका सहकाऱ्यांनीं ती सूक्ष्मदर्शकाखालीं धरली, तेव्हां टोंकाच्या दोन्ही बाजूंस आरशासारखे दोन चपटे भाग चकाकूं लागले. हिरा सर्वांत कठीण खरा, आणि व्हायनिल त्यापुढें मेणासारखें. तरीही कांहीं शें तासांच्या सहवासानें व्हायनिल हिऱ्याला झिजवितें. वडिलांनीं जन्मभर एवढी काळजी घेतली, आणि अखेरचीं कांहीं वर्षें ते झिजलेल्या सुईनें आपल्याच लाडक्या तबकड्या तासत होते. मोडलेली सुई कळते; झिजलेली कळत नाहीं, कारण आवाज रोज तिळमात्र बिघडतो आणि कान रोज तिळमात्र सोशिक होतो. नीतीच्या बाबतींतही बहुतेक ऱ्हास असाच होत असावा.

नवी सुई मिळविणें हेंही सोपें नव्हतें. मूळ कंपनीनें २०१८ सालीं हा धंदाच बंद केला. जपानांत अशा जुन्या कार्ट्रिजांकरितां उत्तम सुया अजून होतात. परंतु घाईनें एका विक्रेत्याकडून मीं जी पहिली सुई मागविली, तिचा हिरा सूक्ष्मदर्शकाखालीं चक्क तिरका बसविलेला दिसला. शिवाय लाखेच्या तबकडीची सुई व लांब वाजणाऱ्या तबकडीची सुई एक नव्हे. १९४८ सालीं अमेरिकेंत कोलंबिया कंपनीनें लांब वाजणारी तबकडी आणिली ती अरुंद खांचेची; तिच्या सुईच्या टोंकाची त्रिज्या सुमारें एक सहस्रांश इंच, तर जुन्या तबकडीच्या सुईची सुमारें तीन सहस्रांश. लहान सुई जुन्या रुंद खांचेंत घातली तर ती तळाशीं लोळते आणि धूळ तेवढी वाचते.

तीन सहस्रांशाची सुई लाविली, तरी कढईचें तळण चालूच. तेव्हां एका जाणत्या संग्राहकानें सांगितलें, “ही सुई जेथें टेकते तेथेंच तुमच्या आजोबांच्या सुयांनीं भिंत खाल्लेली असणार. अडीच सहस्रांशाची, तळाला लागूं नये म्हणून टोंक किंचित् छाटलेली सुई लावून पाहा.” मीं ती मिळविली व लाविली. आणि जेथें केवळ खरखर होती तेथें रुक्मिणी बोलूं लागली. तार स्वर अजून फाटलेलेच होते, तें नुकसान कायमचें. परंतु मध्य सप्तकांतील ती लडिवाळ फिरत जशीच्या तशी होती. खांचेची भिंत उंच असते. आजोबांच्या सुया जेथपर्यंत पोंचल्या नव्हत्या तेथें, त्यांच्या ओरखड्यांच्या खालीं, तो आवाज तसाच थांबून राहिला होता.

त्या रात्रीं मीं तो संगणकावर उतरविला, तबकडी पाकिटांत घातली, आणि वडिलांप्रमाणेंच पेटीला कुलूप लाविलें. माझा सिद्धान्त पूर्ण झाला होता : सुई झिजावी, तबकडी राहावी. दुसऱ्या रविवारीं लोहा, अहमदपूर, चाकूर करीत लातुरास गेलों आणि दूरध्वनींत भरून नेलेलें तें पद मोठ्या ऐटींत आईस ऐकविलें. तिनें डोळे मिटून सबंध ऐकलें. मग म्हणाली, “छान आहे रे. पण तू नुसतं ऐकवायलास. ती तबकडी आण एकदा, आणि सुई मला ठेवू दे.”

मीं सांगितलें कीं प्रत्येक वेळीं वाजवितांना तबकडी थोडी तरी झिजते. शिवाय, हें मीं जरा अडखळत म्हटलें, तिचा हात कांपतो. ती कांहीं बोलली नाहीं. परंतु परत येतांना सारी वाट माझा सिद्धान्त माझ्याशींच भांडत होता.

हें पद आमच्या घरीं आईनें यापूर्वीं कधीं ऐकिलें होतें ? ती लग्न होऊन आली तेव्हां बैठकींत आजोबा व त्यांचे स्नेही बसत. सुयांची डबी फडताळांतून काढून देणें हें आईचें काम. सुई लावणें हें नव्हे. डबी देऊन ती आंत जाई, आणि पद सुरू झालें कीं चुलीवर चहाचें आधण येई. तीन मिनिटांचें पद, आणि आधण यावयासही तेवढाच वेळ. दाराआडून तिच्या वांट्यास कधीं मुखडा आला, कधीं नुसती शेवटची टाळी. पुढें वडिलांचें यंत्र आलें तेव्हां नाजूक वस्तु म्हणून त्यास हात लावण्याची तिची हिंमत झाली नाहीं, आणि लाव असें तिला कोणी म्हटलेंही नाहीं. वडिलांच्या शोकसभेंत एका वक्त्यांनीं सांगितलें कीं वहिनी ह्या घरासाठीं चंदनाप्रमाणें झिजल्या. आम्ही सर्वांनीं मान डोलाविली. चंदन कोणी विचारून उगाळीत नाहीं, हें त्या वेळीं मला सुचलें नाहीं.

माझ्या सिद्धान्ताचा दोष येथें होता. ‘पुन्हां मिळणारें झिजावें, न मिळणारें राखावें’ हा नियम वस्तूवस्तूंमध्यें बरोबर आहे. परंतु तो लावणारा माणूस हळूहळू माणसांकडेही त्याच नजरेनें पाहूं लागतो. घरांत कोणी तरी सुई ठरतें आणि कोणी तरी तबकडी. जर्मन तत्त्वज्ञ कांट यानें १७८५ सालच्या आपल्या ग्रंथांत बजाविलें आहे कीं मनुष्यास केवळ साधन म्हणून कधीं वागवूं नये. तो स्वतःच साध्य आहे. हें वचन मीं वर्गांत कितीदां तरी उलगडून सांगितलें आहे, आणि घरीं ऐंशी वर्षांच्या आईपेक्षां सव्वाशे मीटर लांबीची एक खांच मीं मौल्यवान ठरविली होती. स्वेच्छेनें झिजणारा माणूस थोर असतो, ह्यांत शंका नाहीं. परंतु ती थोरवी त्याची त्यानें घ्यावयाची. दुसऱ्यांनीं ती त्याच्यावर लादली म्हणजे तिचें नांव निराळें होतें.

येथें कोणी विचारील : मग जें दुर्मिळ आहे तें कोणाच्याही हौसेखातर नष्ट होऊं द्यावें काय ? नाहीं. जगांत त्या तबकडीची ती एकच प्रत असती, तर ती आमच्या घरची राहिली नसती. सर्वांची ठेव झाली असती, आणि आईची समजूत मला दुसऱ्या रीतीनें घालावी लागली असती. ठेवी सांभाळणारांचें काम वेगळें व आदरणीय आहे. मुंबईंत १९९० सालीं स्थापन झालेल्या सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स ह्या संस्थेसारख्यांनीं तें केलें म्हणून कितीतरी जुने आवाज वांचले. परंतु ह्या पदाच्या प्रती इतरांपाशीं आहेत; आमच्या प्रतीचा आवाज उतरवून झालेला आहे; आणि ती ज्या घरासाठीं आणिली त्या घरांत एका माणसाचें ऐकणें अजून बाकी आहे. शिवाय राखणें हें तरी कशासाठीं ? १९७७ सालीं अमेरिकेनें व्हॉयेजर नांवाचीं दोन यानें आकाशांत सोडलीं. त्यांत सोन्याचा मुलामा दिलेली एकेक तबकडी आहे, आणि तीवर गोव्यांतील केरी गांवीं जन्मलेल्या, ध्वनिमुद्रणास सहसा राजी न होणाऱ्या केसरबाई केरकरांची भैरवी आहे. तबकडी युगानुयुगें टिकावी अशी योजना. तरी पाठविणारांनीं तिच्यासोबत एक कार्ट्रिज आणि सुई ठेविली, व ती कशी लावावयाची हें चित्रांनीं दाखविलें. ऐकणारा कोणी भेटेल कीं नाहीं हें ठाऊक नसतांही त्यांनीं त्याची सोय केली. माझी श्रोती शेजारच्या जिल्ह्यांत होती, आणि मीं कुलूप लाविलें होतें.

पुढच्या रविवारीं यंत्र गाडींत घालून लातुरास नेलें. तबकडी फिरूं लागली. आईनें दोन्ही हातांनीं दांडी धरली. हात कांपलाच, सुई कांठावर न टेकतां बोटभर आंत पडली, आणि ‘टक्’ असा एक आवाज झाला. तेवढा ओरखडा आतां त्या तबकडीवर कायमचा आहे. आई मात्र पद संपेपर्यंत उभीच होती. चहा मीं नंतर केला.

बाजू संपल्यावर ती म्हणाली, “आता सुई बदल.” मीं सांगितलें कीं ही हिऱ्याची आहे, हिला बदलावें लागत नाहीं. “होय का ? पण ती जुनी तर बदलावीच लागायची. माझ्या माहेरी मामांकडं बाजा होता. दर बाजूला नवी सुई लावायचे. एकदा लावलेली सुई मामा डबीत परत ठेवू द्यायचे नाहीत.”

“मग आजोबांना तूं कधीं सांगितलें नाहींस ?”

“मला कोण विचारलं होतं ?” ती सहज म्हणाली, आणि तबकडी उलटण्यासाठीं पुढें झाली.